डॉक्टर फोनवर, पॉलिसी कपाटात

गेल्या अंकात एका उत्तरात मी ओघात लिहून गेले की महामारीच्या दोन वर्षांत मी जेवढे पेशंट फोनवरून बघितले तेवढे आधीच्या सगळ्या प्रॅक्टिसमध्ये मिळून बघितले नव्हते, आणि ज्यांच्याकडे विमा होता त्यातल्या बऱ्याच जणांना फोनवरचा सल्ला पॉलिसीत बसतो का हे विचारायचंही सुचलं नाही. एवढं एकच वाक्य, पण या महिन्यात आलेली पत्रं जवळजवळ सगळी त्याच्यावरच. केस गळणं, गुडघे, ॲसिडिटी सगळं पुढच्या महिन्यात बघू, या वेळी फक्त फोन.

डॉक्टर, सासऱ्यांना कोविड झाला तेव्हा पहिले पाच दिवस आम्ही फोनवरच डॉक्टरांशी बोलत होतो. तीनदा बोललो, तिन्ही वेळा फी ऑनलाइन भरली. सहाव्या दिवशी ॲडमिट करावं लागलं. पुढे क्लेम पास झाला पण फोनच्या तीन फी कापल्या, "कागदपत्र नाही" म्हणून. बँकेचं स्टेटमेंट जोडलं होतं की! रक्कम किरकोळ आहे पण डोक्यातून जात नाही. — एक सून

ताई, डोक्यातून जात नाही ते बरोबरच आहे, कारण तुमचं फार काही चुकलेलं नाहीये. चूक बहुतेक आमच्या जमातीची आहे.

आधी हिशोब बघू. बऱ्याचशा पॉलिसी माणूस ॲडमिट झाल्यावरच जाग्या होतात, पण एकदा जाग्या झाल्या की ॲडमिट होण्याआधीचे काही दिवस आणि घरी आल्यानंतरचे काही दिवस त्याच आजारावर झालेला खर्च धरतात. आरोग्य संजीवनी नावाची जी ठरलेल्या साच्यातली पॉलिसी आहे तिच्यात हे आधीचे 30 आणि नंतरचे 60 दिवस आहेत. जुलै 2020 मध्ये आलेल्या कोरोना कवचमध्ये 15 आणि 30 होते, शिवाय घरीच उपचार घेतले तरी 14 दिवसांपर्यंतचा खर्च मिळायचा, डॉक्टरची फी धरून, फक्त रोजचा तक्ता डॉक्टरच्या सहीनिशी ठेवलेला पाहिजे ही अट. तुमची पॉलिसी कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ॲडमिट व्हायच्या आधीच्या पाच दिवसांतल्या तीन फी म्हणजे तारखांच्या हिशोबात त्या आरामात बसायला पाहिजेत. बरं, फोनवरच्या आहेत म्हणून कापल्या असंही म्हणता येत नाही, कारण विमा नियामकाने म्हणजे आयआरडीएआयने 11 जून 2020 ला कंपन्यांना सांगून ठेवलं होतं की पॉलिसीत जिथे जिथे डॉक्टरचा सल्ला धरलेला आहे तिथे टेलिमेडिसिनही धरा. (हे वाक्य नीट वाचा हं बाकीच्यांनी. ज्या पॉलिसीत साधी दवाखान्यातली फीच मिळत नाही तिच्यात फोनची फी मिळायला लागली असा याचा अर्थ होत नाही. निम्मी भांडणं इथेच होतात.)

मग अडलं कुठे, तर कागदाशी. क्लेम तपासणारा माणूस तुमच्या सासऱ्यांना ओळखत नाही, त्याच्यासमोर फक्त फाइल असते, आणि बँकेच्या स्टेटमेंटवरून त्याला एवढंच कळतं की अमुक तारखेला अमुक माणसाला पैसे गेले. ते उसने दिले असतील, घरभाडं असेल, काहीही असेल. त्याला हवं असतं पेशंटचं नाव, तारीख, कशासाठी सल्ला दिला, औषधं कुठली, डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर, आणि फीची पावती. 25 मार्च 2020 ला आपल्याकडे टेलिमेडिसिनचे जे नियम आले त्यात डॉक्टरने प्रिस्क्रिप्शनचा फोटो नाहीतर डिजिटल कॉपी पाठवायची आणि फीची पावती द्यायची हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

आणि आम्ही काय करत होतो? माझंच सांगते. एप्रिल 2021 मधला एक मेसेज परवा फोनमध्ये सापडला, मी एका पेशंटला पाठवलेला, "पॅरासिटामॉल 650 तीन वेळा, वाफ नको, पाणी भरपूर, ऑक्सिजन दर 4 तासांनी कळवा". वर नाव नाही, खाली सही नाही, नंबर नाही. दिवसाला साठ-सत्तर फोन, कान गरम झालेला, त्यात लेटरहेड कोण काढतंय! पण त्या मेसेजला कुठली कंपनी प्रिस्क्रिप्शन म्हणेल? मी तरी म्हटलं नसतं.

आता काय करता येईल. त्या डॉक्टरांकडे जा आणि सांगा की तुमच्या नोंदींवरून एक पत्र द्या, या या तारखांना या पेशंटला फोनवर सल्ला दिला, अमुक आजारासाठी, इतकी फी घेतली. पत्रावर तारीख आजची. मागच्या तारखेचं प्रिस्क्रिप्शन अजिबात मागू नका आणि डॉक्टर आपणहून देत असले तरी घेऊ नका, तो खोटा कागद आहे आणि त्या तीन फींपायी पास झालेला क्लेम पुन्हा उघडला जाईल. पत्रासोबत पैसे भरल्याचा पुरावा आणि जमलं तर कॉलच्या नोंदी जोडा, आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे पाठवा, तिथे नकार आला तर विमा लोकपाल आहे. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत तिकडे जावं लागतं, त्यामुळे आधी नकाराच्या पत्रावरची तारीख बघा आणि मगच दगदग करा.

फोनवर डॉक्टरला काय डोंबल कळणार? ना पोट दाबलं ना नाडी बघितली. मला तर हा विमा कंपन्यांनी पैसे वाचवायला काढलेला प्रकार वाटतो. — स्पष्टवक्ता

काका, कंपन्यांना तो स्वस्त पडतो हे खरंय. पण काढलेला त्यांनी नाही. टेलिफोनचं पेटंट 1876 चं, आणि 1879 मध्येच लॅन्सेट या डॉक्टरी साप्ताहिकात एक किस्सा छापून आला होता. मध्यरात्री एका घरात बाळ खोकतंय, घशाचा तो जीवघेणा आजार तर नाही ना म्हणून घरचे घाबरलेले, डॉक्टरला फोन लावला, डॉक्टर म्हणाला बाळाला फोनजवळ धरा, खोकला ऐकू दे. ऐकला आणि सांगितलं, हा तो खोकला नाही, झोपा. तेव्हा ना ॲप होतं ना विमा.

पण तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाहीये. फोनवर पोट कळत नाही. ॲपेन्डिक्स फोनवर कळत नाही, छातीत दुखतंय ते हार्टचं की गॅसचं हे फोनवर ठरवणारा डॉक्टर असेल तर तो डॉक्टर बदला. डावा हात जड झालाय, बोलताना जीभ अडखळतेय, तान्हं बाळ दूध पीत नाहीये, अशा वेळी मला फोन करूच नका, सरळ इमर्जन्सी गाठा, आणि विमा कंपनीला कळवायचं ते वाटेत कोणीतरी कळवेल.

कळतं काय, ते सांगते. एका रात्री साडेदहाला एक बाई फोनवर, नवऱ्याला कोविडचा आठवा दिवस, "ताप उतरलाय डॉक्टर, आता बरे आहेत, फक्त भूक नाही, क्रोसिनच्या जागी दुसरं काही देता का". मी म्हटलं त्यांना द्या फोन. ते आले, म्हणाले, "मी एकदम... बरा आहे... ही उगाच... घाबरते." तीन शब्द की थांबा, दोन शब्द की थांबा, आणि मधल्या थांब्यात श्वासाचा आवाज. त्यांना स्वतःला दम लागतोय हे जाणवतच नव्हतं, कोविडमध्ये ते तसंच असायचं, ऑक्सिजन खाली गेलेला आणि माणूस उशीला टेकून मोबाइल बघतोय. ऑक्सिमीटर लावायला सांगितलं, 86. 94 च्या खाली गेलं की आम्ही सावध व्हायचो, हे तर 86. अर्ध्या तासात ते हॉस्पिटलमध्ये. आता यात मी नाडी बघितली नाही, पण ते वाक्य पूर्ण करू शकत नाहीयेत एवढं ऐकलं, आणि तेवढं पुरलं.

तेव्हा व्हॉट्सॲपवर एक युक्तीही फिरत होती, एका दमात मोठ्याने किती आकडे मोजता येतात ते मोजा आणि त्यावरून ऑक्सिजन ओळखा. डॉक्टर लोकही वापरायला लागले होते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2020 मध्येच सांगितलं की यावर भरवसा ठेवू नका, नंबर चांगला येतो आणि ऑक्सिजन खाली असतो. ऑक्सिमीटरलाही आंधळेपणाने मानायचं नाही, बोटं गार असली किंवा नखांना रंग असला तर ते काहीही दाखवतं, आणि अमेरिकेत डिसेंबर 2020 मध्ये छापलेल्या एका तपासणीत दिसलं की काळ्या पेशंटमध्ये खरा ऑक्सिजन कमी असूनही मशीन चांगला आकडा दाखवण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. त्यामुळे मी फोनवर आकडा विचारतेच, पण त्याआधी माणसाला दोन मिनिटं बडबड करू देते. लोकांना वाटतं डॉक्टर गप्पा मारतेय.

साधा फोन चालतो का, की विम्याला व्हिडिओच लागतो? वडिलांकडे बटणांचा फोन आहे आणि ते बदलणार नाहीत. — मुलगा

वडिलांना बदलू नका, चालतो. आपल्याकडच्या 2020 च्या नियमांत व्हिडिओ, फोन, चॅट तिन्ही आहेत, डॉक्टरला वाटलं की बघितल्याशिवाय नाही जमणार तर तो व्हिडिओ मागेल किंवा बोलावून घेईल. पॉलिसीमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये फक्त व्हिडिओची अट घातलेली असू शकते, ते एकदा विचारून घ्या.

हा प्रश्न अमेरिकेत फार गाजला, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे म्हाताऱ्या माणसांचा सरकारी विमा आहे, मेडिकेअर. 2020 च्या आधी त्यात दूरवरून सल्ला मिळायचा पण थोड्याच लोकांना, पेशंट खेड्यात राहणारा पाहिजे आणि वर त्याने कुठल्यातरी आरोग्य केंद्रात जाऊन तिथल्या स्क्रीनसमोर बसायचं! घरी बसून नाही. मार्च 2020 मध्ये ह्या अटी उठवल्या, घरून व्हिडिओवर बोला म्हणाले. पण ज्यांच्यासाठी हे केलं त्या ऐंशी वर्षांच्या माणसांना व्हिडिओ जमेना, कॅमेरा छताकडे, आवाज बंद, नाहीतर इंटरनेटच नाही. डॉक्टर वैतागून शेवटी साधा फोन लावायचे आणि साध्या फोनचे पैसे मिळायचे 14 ते 41 डॉलर. ओरड झाली, मग 30 एप्रिलला जाहीर केलं की नुसत्या आवाजावरच्या सल्ल्यालाही समोर बसून तपासल्याइतके, साधारण 46 ते 110 डॉलर देऊ, आणि तेही 1 मार्चपासून धरून. 2019 मध्ये मेडिकेअरचे दूरवरचे सल्ले सुमारे 8 लाख 40 हजार होते, 2020 मध्ये ते 5 कोटी 27 लाख झाले. 63 पट. आजार 63 पट वाढला नव्हता, भीतीने दवाखाने ओस पडले होते आणि फोनचे पैसे मिळायला लागले होते.

ऑस्ट्रेलियातही तेच, तिथे 13 मार्चला ठरावीक लोकांसाठी आणि 30 मार्च 2020 ला सगळ्यांसाठी सरकारी विम्यात फोन आणि व्हिडिओ दोन्ही आणले, आणि लोकांनी भरभरून वापरला तो साधा फोन. व्हिडिओचं कौतुक परिषदांमध्ये फार असतं.

माझ्या पॉलिसीसोबत कंपनीचं ॲप आहे, त्यात चोवीस तास डॉक्टर फुकट. लॉकडाउनमध्ये मी दोन-तीनदा वापरलं. आता मैत्रीण म्हणते तू तिथे जे जे बोललीस ते कंपनीकडे गेलं, उद्या प्रीमियम वाढवतील किंवा क्लेम नाकारतील. खरं का? — घाबरलेली

मैत्रीण थोडी बरोबर आहे आणि थोडी टीव्ही बघून बोलतेय. फुकट डॉक्टरचे पैसे कोणीतरी भरतंय, आणि तो कंपनीने नेमलेला आहे, तुमच्या ओळखीचा नाही. डॉक्टर म्हणून पेशंटची माहिती गुप्त ठेवायचं बंधन त्याच्यावरही आहेच, पण ॲप वापरायला सुरुवात करताना तुम्ही कशाकशाला हो म्हटलंत ते बघा, तिथे माहिती कोणाला देऊ हे लिहिलेलं असतं आणि ते आपण कोणीच वाचत नाही, मीसुद्धा नाही.

खरी भीती वेगळी आहे. समजा पॉलिसी घेताना फॉर्मवर लिहिलं होतं "कुठलाही जुना आजार नाही", आणि ॲपवरच्या डॉक्टरला सांगितलं "मला सहा वर्षांपासून थायरॉइड आहे". आता हे दोन कागद एकमेकांशी भांडतात. त्यावर उपाय डॉक्टरशी खोटं बोलणं हा नाही, डॉक्टरशी खोटं बोलून तुम्ही औषधाचा घोळ करून घ्याल. उपाय फॉर्मवर खरं लिहिणं हा आहे, आणि लिहिलं नसेल तर आत्ता कंपनीला कळवणं. वाट बघत बसलात तर ते नेमकं क्लेमच्या वेळी बाहेर येईल.

ॲपचा डॉक्टर सर्दी, जुलाब, रिपोर्ट समजावून सांगणं याला उत्तम. डायबिटीस, बीपी, दमा असलं काही असेल तर आपला नेहमीचा डॉक्टरच बरा, फोनवर का होईना. ऑस्ट्रेलियाने हे चार महिन्यांत ओळखलं, 20 जुलै 2020 पासून अट घातली की गेल्या 12 महिन्यांत ज्या डॉक्टरकडे तुम्ही प्रत्यक्ष गेला आहात त्याच्याच फोनचे पैसे विमा देईल, थोडे अपवाद सोडून. फक्त फोन घेणाऱ्या कंपन्या उगवल्या होत्या, म्हणून. मला ती अट पटते. ज्या पोटावर मी एकदा हात ठेवलाय त्याच्याबद्दल मी फोनवर बरंच सांगू शकते.

मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. म्हणतो तिथे सर्दी झाली तर डॉक्टर फोनवर सिक लीव्ह देतो. खरंच की आम्हाला बनवतोय? — आई

खरंच. 9 मार्च 2020 ला तिथल्या डॉक्टरांच्या आणि सरकारी विमा निधींच्या संघटनांनी मिळून ठरवलं की घशाचा-नाकाचा साधा त्रास असेल तर फोनवर आजारपणाचा दाखला द्यायचा, आधी 7 दिवसांचा, मग 14 पर्यंत नेला. कारण उघड आहे, शिंका देणारी माणसं नुसत्या एका कागदासाठी वेटिंग रूममध्ये दाटीने बसायची. मध्ये बंद केलं, परत चालू केलं, 31 मार्च 2023 ला संपवलं, आणि 7 डिसेंबर 2023 पासून कायमचंच आणलं, पण ओळखीच्या पेशंटला आणि 5 दिवसांपुरतंच. तो पाचपेक्षा जास्त दिवस घरी असेल तर मात्र विचारा.

झोपेची गोळी संपली, डॉक्टर फोनवर लिहून देईना. बीपीची मात्र दिली. हा काय न्याय? पॉलिसीत औषधांचा खर्च आहे माझ्या. — जागा

पॉलिसीचा इथे काहीच संबंध नाही, आणि डॉक्टरवर रागावू नका. 2020 च्या नियमांत औषधांच्या याद्या आहेत. साधी तापाची, खोकल्याची औषधं कशीही देता येतात. बीपी-डायबिटीससारखं चालू औषध पुन्हा लिहून देता येतं, त्यात नवीन भर घालायची तर त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत तुम्ही प्रत्यक्ष दाखवलेलं असायला पाहिजे. आणि शेवटची यादी म्हणजे फोनवर द्यायचीच नाहीत अशी औषधं, त्यात 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातली औषधं येतात आणि झोपेच्या बऱ्याच गोळ्या त्यातल्या. गंमत म्हणजे अमेरिकेने त्याच मार्चमध्ये बरोबर उलटं केलं, व्यसनमुक्तीचं ब्युप्रेनॉर्फिन नुसत्या फोनवर सुरू करायची परवानगी दिली, कारण दवाखाना बंद म्हणून माणूस परत हेरॉइनकडे गेला तर तो मरेल हे त्यांना जास्त मोठं वाटलं. दोन्हीकडे आपापली भीती. तुम्ही एकदा प्रत्यक्ष जाऊन या, आणि गोळी अचानक बंद करू नका, रोज घेत असाल तर अजिबात नको.

फोनवर तपासणी नाही मग फी अर्धी का नाही? — हिशोबी

कारण चुकले तर जबाबदारी अर्धी होत नाही. आपल्याकडच्या नियमांत फोनची फी दवाखान्याइतकी घ्यायला मुभा आहे. मी स्वतः थोडी कमी घ्यायचे, पण ते माझ्या मनाचं.

आईला ऐकायला कमी येतं, तिच्या वतीने मीच बोलते. पण परवा डॉक्टर म्हणाले आईला फोन द्या, आणि आई काय बोलली ते मला सांगेनात. विम्याच्या फॉर्मवर सही मी करते, फी मी भरते! — लेक

तुमचा राग मला दिसतोय. पण आईला फोन मागितला ते डॉक्टर चांगले आहेत असं मी म्हणेन. महामारीत मी हे शिकले, आणि उशिरा शिकले. एक काकू होत्या, सुनेने कायम फोन घ्यायचा, "त्यांना काही नाही, नुसतं जेवत नाहीत". चार वेळा बोललो आम्ही, मी टॉनिक बदलत बसले. पाचव्या वेळी सून नव्हती, काकूंनी स्वतः उचलला आणि हळूच म्हणाल्या, "बाथरूमला जायला लागलं की रक्त पडतं, पण घरात सगळे असतात, कसं सांगू." घरात सगळे असतात. लॉकडाउनमध्ये दोन खोल्यांत सहा माणसं, त्यात स्पीकरवर डॉक्टर, मग कोण सांगणार पाळीचं, मूळव्याधीचं, नवरा मारतो त्याचं, मरावंसं वाटतं त्याचं? त्यानंतर मी पहिला प्रश्नच हा विचारायला लागले, "तुम्ही एकट्या आहात का, नुसतं हो किंवा नाही म्हणा." कोणी गच्चीवर जाऊन बोलायचं, कोणी बंद गाडीत बसून. दवाखान्यात निदान दार लावता येतं.

आईला फोन द्या, आवाज मोठा करणारा इअरफोन घ्या, आणि दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. आईची परवानगी असेल तर डॉक्टर तुम्हालाही सांगतील. आई समजण्या-सांगण्याच्या स्थितीत नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तुम्हीच बोलायचं आणि तुम्ही कोण हे डॉक्टरने नोंदवून ठेवायचं. क्लेमच्या कागदांवर मात्र पेशंट म्हणून आईचंच नाव पाहिजे, तुमच्या नंबरवरून फोन झाला म्हणून घाईत तुमचंच नाव पडतं आणि मग पहिल्या पत्रातल्या ताईंसारखं होतं.

महामारी संपून वर्षं झाली तरी आमचे डॉक्टर "आधी फोनवर बोला" म्हणतात, दारातच येऊ देत नाहीत. मला समोर बसून दाखवायचंय. — जुना पेशंट

तसं सांगा त्यांना, याच शब्दांत. पेशंट यायला तयार असताना डॉक्टरने फोनचाच आग्रह धरणं हे आपल्या 2020 च्या नियमांत चुकीच्या वागण्यात धरलंय. जाताना जुने फोनवरचे मेसेज प्रिंट करून न्या, आणि तिथे बसल्या बसल्या त्यावर नाव, तारीख, रजिस्ट्रेशन नंबर असलेलं ताजं प्रिस्क्रिप्शन लिहून घ्या. नाही म्हणाले तर मला कळवा, पत्राने, फोन नको, दुपारी एक ते चार मी झोपते.